किरकोळ कापलं-खरचटलं: आधी बाटली की आधी नळ?

निवांतक्षणी
आमच्याकडे जखमेवरून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, झोंबलं तरच औषध लागलं. दुसरा म्हणतो, धुवा आणि सोडून द्या. मी कुंपणावर. कपाटात डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडीन, सर्जिकल स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दोन मलमं निघाली. यातलं नक्की काय, कधी आणि किती वापरायचं? नुसत्या पाण्याने भागतं का?
प्रश्न किरकोळ जखमांपुरताच आहे. सुरीने बोट कापणं, गुडघा खरचटणं, पत्र्याची कड लागणं, एवढंच. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहिलं तर बरं होईल. बाकीच्यांनी लिहू नये असं नाही, पण कशावरून म्हणताय तेही सांगा.

जुनाखोड
यात विचारायचं काय? झोंबतं तेच औषध. आमच्या लहानपणी टिंक्चर आयोडीन लावायचे, पोराची किंकाळी चार घरं ऐकायची आणि जखम भरून यायची. आता सगळ्यांची कातडी नाजूक झाली आहे.

टाकाबिका
ड्रेसिंगच्या टेबलाशी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी रक्त थांबवा. स्वच्छ कापड किंवा गॉज थेट जखमेवर ठेवून दाबायचं आणि दहा मिनिटं दाबूनच ठेवायचं, घड्याळ बघून. लोक दर अर्ध्या मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघतात आणि नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर उपटून काढतात. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, खालचं हलवू नका. हात-पाय जरा उंच धरला तर मदत होते. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे तंतू आत चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी ते काढताना रडारड होते.

मग हात धुवा. ज्याला लागलंय त्याचे नव्हेत, जो जखमेला हात लावणार आहे त्याचे.

आणि मग पाणी. माझ्या मते नव्वद टक्के काम इथे होतं. नळाखाली धरा, धार जखमेवरून वाहू द्या, चांगली पाच मिनिटं. वाटीत बोट बुडवून बसणं म्हणजे धुणं नव्हे. सुटलेली घाण तिथेच फिरत राहते. साबण जखमेच्या भोवतालच्या कातडीला लावा, आत चोळू नका. पिण्यायोग्य नळाचं पाणी आणि निर्जंतुक सलाईन यांची तुलना बऱ्याच अभ्यासांत झाली आहे. नळाच्या पाण्याने संसर्ग वाढतो असं त्यांत दिसलेलं नाही. पाण्याचा भरवसा नसेल तर उकळून गार केलेलं वापरा. धुताना पुन्हा थोडं रक्त आलं तर घाबरू नका, पुन्हा दाबा.

धुऊन झाल्यावर स्वच्छ कापडाने टिपून घ्या (पुसू नका), वर पट्टी. पट्टी रोज बदला, ओली किंवा मळकी झाली तर लगेच. संपलं.

निवांतक्षणी
आणि बाटल्या?

टाकाबिका
आमच्या गोळीबंदना विचारा, ते त्यातले जाणकार. मी एवढंच सांगते की नीट धुतलेल्या किरकोळ जखमेला बाटली बहुतेक वेळा लागत नाही आणि न धुतलेल्या जखमेला बाटली पुरत नाही.

रसायनवेडा
‘झोंबलं म्हणजे लागलं’ यावर लिहायची बऱ्याच दिवसांची इच्छा होती.
आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राही असतो, टीआरपीव्ही-१. मिरचीतला कॅप्सेसिन यालाच चेतवतो, म्हणून मिरची ‘गरम’ लागते. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सियसच्या वर जागा होतो. अल्कोहोल लागलं की त्याचा हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली येतो. आपलं शरीर ३७ अंशांचं! म्हणजे शरीराची स्वतःचीच ऊब त्याला चटक्यासारखी भासते. जंतू मरताहेत की नाहीत याचा त्या आगीशी काही संबंध नाही.
पेरॉक्साइडच्या फेसाचंही तसंच. रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस म्हणजे तो ऑक्सिजन. स्वच्छ रक्ताच्या थेंबावर टाका, तिथेही फेसाळेल. ‘बघ किती जंतू होते’ हे वाक्य मी निदान तीन पिढ्यांकडून ऐकलं आहे.

जुनाखोड
वा. म्हणजे शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणारा सर्जन जोसेफ लिस्टर वेडा होता म्हणायचं? जंतुनाशकांनी लाखो माणसं वाचवली हे शाळेत शिकलो होतो.

रसायनवेडा
अजिबात वेडा नव्हता. ऑगस्ट १८६५, ग्लासगो. गाडीचं चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा, हाड मोडून कातडी फाटलेली. त्या काळी अशा पायाची वाट ठरलेली असायची: पू, मग पाय कापणं, नाहीतर मृत्यू. लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली आणि पाय वाचला. १८६७ मध्ये त्याने हे सगळं ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पण तेव्हा शल्यचिकित्सक न धुतलेल्या हातांनी आणि रक्ताने कडक झालेल्या कोटात शस्त्रक्रिया करायचे, हेही लक्षात घ्या. त्या पार्श्वभूमीवर काहीही जंतुनाशक म्हणजे क्रांतीच होती.

आता पुढचा अंक. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग (हो, पेनिसिलिनवाला, पण ते बरंच नंतर) फ्रान्समध्ये बूलोनच्या लष्करी इस्पितळात होता. तिथे जखमांत जंतुनाशकं ओतली जात होती आणि तरी सैनिक संसर्गाने मरत होते. त्याने काचेची परीक्षानळी तापवून तिला आतून पोकळ काटे काढले, खोल वेड्यावाकड्या जखमेची नक्कल म्हणून. त्यात जंतू मिसळलेलं द्रव भरलं, ओतून टाकलं, मग जंतुनाशक भरून ठेवलं. तेही ओतून पुन्हा स्वच्छ द्रव भरलं, तर जंतू परत वाढले. औषध काट्यांच्या टोकापर्यंत पोचतच नव्हतं. शिवाय ते जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशींना मारत होतं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना. त्याचे वरिष्ठ आल्मरॉथ राइट तर भरपूर मिठाच्या पाण्याने धुण्याच्या बाजूचे होते.
तेव्हा जुनाखोडकाका, तुमचा लिस्टर बरोबर आणि टाकाबिकाताईंचा नळही बरोबर.

जुनाखोड
काचेची नळी आवडली. बाकीचं विचाराधीन.

गोळीबंद
बोलावलंत म्हणून आलो. औषधांच्या दुकानात उभा असतो, लोक काय मागतात आणि घरी जाऊन काय करतात ते दोन्ही ऐकतो.

डेटॉल म्हणजे क्लोरोझायलेनॉल, ४.८ टक्के. ते पाण्यात मिसळूनच वापरायचं असतं, प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं आणि ते कुणीही वाचत नाही. नुसतं ओतलं तर कातडी भाजते. ‘जास्त टाकलं तर जास्त चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

सॅव्हलॉनच्या जातीची, म्हणजे सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीनवाली औषधं. यांचं साबणाशी वाकडं आहे. साबणाचे रेणू ऋणभारित, हे धनभारित. एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. म्हणून साबण लावला असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि मगच हे. दुसरं म्हणजे पाण्यात मिसळलेलं द्रावण बाटलीत भरून आठवडाभर ठेवू नका. स्यूडोमोनास नावाचा जंतू असल्या पातळ द्रावणात मजेत वाढतो. जंतुनाशकातच जंतू! लागेल तेवढं बनवा, उरलेलं ओतून द्या. क्लोरहेक्सिडीन कानात आणि डोळ्यात जाऊ देऊ नका, आतल्या कानाला त्याने कायमची इजा होऊ शकते.

बीटाडीन, म्हणजे पोव्हिडोन-आयोडीन. माझ्या मते घरात एकच बाटली ठेवायची तर हीच. १९५५ च्या सुमाराला फिलाडेल्फियात हे संयुग सापडलं: आयोडीनला एका मोठ्या रेणूत अडकवून ठेवायचं आणि थोडं थोडं सुटू द्यायचं. त्यामुळे जुन्या टिंक्चरइतकं झोंबत नाही, डागही धुतल्यावर जातो. १० टक्क्यांच्या द्रावणात वापरता येण्याजोगं आयोडीन १ टक्का असतं. गंमत म्हणजे पातळ केल्यावर मोकळं आयोडीन काही मर्यादेपर्यंत वाढतं, त्यामुळे फिकट चहाच्या रंगाचं पाणीसुद्धा काम करतं. लावून एक-दोन मिनिटं थांबा, लगेच पुसू नका. तान्ह्या बाळांना, थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण आयोडीन त्वचेतून आत जातं.

स्पिरिट न फाटलेल्या कातडीसाठी. चिमटा पुसायला उत्तम. जखमेत नको, ते प्रथिनं गोठवतं, तुमचीही.

पेरॉक्साइडबद्दल वर आलंच आहे. नव्या कातडीच्या पेशींनाही ते सोडत नाही. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत तर कधीच घालू नका, सुटलेला वायू रक्तवाहिनीत शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

दोनपिल्लांचीआई
आणि मलमं? आमच्याकडे अँटिबायोटिक मलमाशिवाय पानही हलत नाही.

गोळीबंद
जखमेला ओलावा मिळतो, हा मलमाचा निम्म्याहून जास्त फायदा. तो साध्या पेट्रोलियम जेलीनेही मिळतो. १९९६ मध्ये त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर पांढरी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रासिन मलम यांची ९०० हून जास्त रुग्णांत तुलना झाली. संसर्गात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. उलट निओमायसिनची ॲलर्जी पुष्कळांना होते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ असा किताब दिला होता! सोफ्रामायसिनमधलं फ्रॅमायसेटिन हे निओमायसिनचंच भावंड, एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही होऊ शकते. जखम भरण्याऐवजी भोवती खाजरे लाल पुरळ उठलं, मलम लावावं तितकं वाढलं, तर आधी मलम बंद करा. आणि पावडरी नकोच. वर कडक थर जमतो, खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि धुताना सगळं उपसावं लागतं. घरातल्या कुठल्याही डब्यातली पूड, राख, टूथपेस्ट यांनाही हेच लागू.

दोनपिल्लांचीआई
आमच्याकडे सासूबाईंचं म्हणणं, जखम उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरली की झालं.

टाकाबिका
सासूबाईंना माझा नमस्कार, पण इथे त्यांच्या विरुद्ध पुरावा आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर (त्यांची कातडी आपल्यासारखी असते) सारख्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथीनच्या पातळ पडद्याखाली झाकल्या. झाकलेल्या जवळजवळ दुप्पट वेगाने भरल्या. नवी कातडी कडेकडून सरकत येते. ओलसर पृष्ठभागावर ती सरळ सरकते, वाळलेली खपली असेल तर तिला खपलीखालून वाट काढावी लागते. म्हणून पातळ थर जेलीचा, वर पट्टी. मात्र ‘ओलसर’ म्हणजे चिंब नव्हे. पट्टीखालची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली असेल तर पट्टी फार वेळ ओली राहिली आहे.
खपली धरलीच असेल तर उपटू नका, एवढं सासूबाईंचं मान्य.

पायपीट
सायकलवरून पडणाऱ्यांच्या वतीने. खरचटण्यात बारीक खडी आणि डांबराचे कण घुसतात. पाण्याने निघत नाहीत. ठेवले तर चालतात का?

टाकाबिका
नाही चालत, दोन कारणांनी. कातडी त्यांच्यावरून भरली तर निळा-काळा डाग कायमचा राहतो, गोंदल्यासारखा. आणि दुसरं कारण मोठं. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. पू व्हायला लाखो जंतू लागत होते. तिथेच रेशमाच्या टाक्याचा धागा ठेवला, तर काही शे जंतूही पुरले. परकी वस्तू आत असली की शरीराची लढण्याची ताकद इतकी घटते. म्हणून मी जंतू मारण्यापेक्षा कण काढण्याच्या मागे असते.
धार जोरात सोडा, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने पाणी मारा, ओल्या गॉजने हलकेच एका दिशेने ओढा. उरलेले वरवरचे कण स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने. दुखणं सहन होण्यापलीकडे असेल किंवा कण खोल असतील तर दवाखाना, तिथे बधिर करून साफ करतात. आणि काही मोठं रुतलं असेल, काच, खिळा, काडी, तर घरी उपसू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि तसंच घेऊन या.

रसायनवेडा
सलाईन घरी करायचं असल्यास: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. सपाट दीड चहाचा चमचा धरा. शरीरातल्या द्रवाइतकंच खारट असल्याने साध्या पाण्यापेक्षाही कमी चुरचुरतं. मुलांसाठी एवढा एकच फायदा पुरेसा आहे. झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

पायपीट
आणि धनुर्वात? खिळा गंजका नसेल तर इंजेक्शनची गरज नाही ना?

गोळीबंद
गंजाचा काही दोष नाही, बिचाऱ्याची उगाच बदनामी. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात असतात. खिळा चकचकीत असला आणि मातीत पडलेला असला तरी तितकाच धोका. हा जंतू प्राणवायू नसलेल्या जागी वाढतो, म्हणून लहान तोंडाची खोल टोचलेली जखम सर्वांत वाईट. वरून काहीच दिसत नाही आणि पाणीही आत पोचत नाही. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात, तोवर जखम विसरलेलीही असते.
पण दर ओरखड्याला इंजेक्शन हेही नको. लहानपणाचे सगळे डोस झाले असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षं होऊन गेली असली तरच, आणि मळक्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं होऊन गेली असली तर. डोस झाले की नाही हेच माहीत नसेल आणि जखम मळकी असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडंही देतात, ते डॉक्टर ठरवतील. हल्ली नुसत्या टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण येतं. तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. दुकानात दहापैकी नऊ जण ‘मागे कधीतरी घेतलं होतं’ म्हणतात.

कुंपणावरून
नेहमी नुसता वाचतो, आज विचारतो. ओळखीच्या घरच्या कुत्र्याच्या पिल्लाची नखं लागली. रक्त नाही, फक्त लाल रेघ. हे किरकोळच ना? बीटाडीन लावलंय.

टाकाबिका
दादा, हे या धाग्यात बसत नाही. आत्ता नळावर जा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा, वेळ लावून. धुऊन झालं की बीटाडीन. पट्टी बांधू नका. आणि आजच्या आज दवाखान्यात जा.
जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला ओरखडाही दुसऱ्या वर्गात मोडतो आणि त्याला रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल किंवा फाटलेल्या कातडीवर लाळ लागली असेल तर तिसरा वर्ग, मग लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (म्हणजे तयार प्रतिपिंडं). पिल्लू ओळखीचं आहे, गोड आहे, याने काही ठरत नाही. पुढचं सगळं तिथले डॉक्टर ठरवतील, आपण नाही. लक्षणं दिसल्यावर रेबीजला उपाय नाही.

रसायनवेडा
आणि साबण का, तर रेबीजच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं. साबण ते फोडतो. इथे धुणं हा उपचाराचाच भाग आहे.

कुंपणावरून
निघालो. धन्यवाद.

निवांतक्षणी
हे वाचून विचारते: घरी उपचार करायचेच नाहीत अशा आणखी कुठल्या जखमा?

टाकाबिका
दहा-पंधरा मिनिटं सलग दाबूनही न थांबणारं किंवा उसळून येणारं रक्त. कडा एकमेकींपासून फाकलेली जखम. तिला टाके लागतात आणि ते पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले बरे, ‘उद्या बघू’ नको. बोट वाकत नसेल किंवा टोकाला मुंग्या-बधिरपणा असेल तर जखम दिसायला केवढीही असो, आत नस किंवा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) कापलेली असू शकते. चेहरा, सांध्यावरची खोल जखम. माणसाचा चावा, आणि भांडणात दुसऱ्याच्या दातावर मूठ आपटून मुठीच्या हाडावर झालेली चीर. लोक ती लपवतात आणि बोटाचा सांधा गमावून बसतात. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, तेही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी, विशेषतः पायाच्या जखमेबाबत, थांबू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही.

जुनाखोड
मला मधुमेह आहे. रोज रात्री तळवे बघायला सांगितलंय, आरसा घेऊन बघतो. हे मात्र खरं आहे.

दोनपिल्लांचीआई
पिकतंय हे कसं ओळखायचं? मला प्रत्येक लाली संसर्ग वाटते.

टाकाबिका
पहिले दोन दिवस कडेला थोडी लाली, सूज, किंचित गरमपणा हे दुरुस्तीचं काम आहे. पिवळसर पातळ पाणी म्हणजेही पू नव्हे. पण दोन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, ठणका लागला, घट्ट, वास येणारा पू आला, ताप आला, तर दाखवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवायची आणि काही तासांनी बघायचं. लाली रेघ ओलांडून गेली तर वाट पाहू नका. जखमेपासून वर सरकणारी लाल रेषा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

पायपीट
वाचनखूण साठवली. शेवटचं एक: भरलेल्या जखमेचा डाग काळपट राहतो, त्यावर काही?

टाकाबिका
ऊन टाळा. नव्या कातडीवर ऊन पडलं की ती गडद होते, म्हणून कापडाने झाका किंवा सनस्क्रीन लावा, आणि हे काही महिने. मालिश, जेली चालेल. आणि भरल्यासारखी दिसली तरी लगेच ताण देऊ नका. तीन आठवड्यांनी व्रणाची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते, आणि अखेरीससुद्धा ७०-८० टक्क्यांच्या वर जात नाही. गुडघ्याची असेल तर सायकल जरा जपून.